वाजंत्री मंचावर बसला : राजरत्नम् पिळ्ळै यांचे चरित्र

लग्न कोणाचेही असो, वाजंत्री मांडवाबाहेर बसतो, हे खेड्यात वाढलेल्या आपण सर्वांनी पाहिले आहे. वाद्याशिवाय नवरदेव पारावरून हलत नाही. पण वाजविणाऱ्याची पंगत मात्र सर्वांत शेवटी. माझ्या वर्गातील एका मुलाने, वडील काय करतात असे विचारल्यावर, सनई वाजवितात हे मान खाली घालून सांगितले. त्याला काय सांगावे ते मला त्या दिवशी सुचले नाही. आज ज्याचे चरित्र लिहीत आहे, तो माणूस मला नंतर आठवला.

तमिळनाडूत कावेरीच्या काठी, कुंभकोणम् आणि मायावरम् यांच्या दरम्यान, तिरुवावडुतुरै हे गाव आहे. तेथे जुना आणि श्रीमंत शैव मठ आहे. टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै यांचा जन्म 27 ऑगस्ट 1898 चा. मूळ नाव बालसुब्रह्मण्यम्. मामा नटेश पिळ्ळै हे या मठाचे वादक होते. त्यांच्याच घरी हा मुलगा वाढला. आधी गायन शिकला, मग नागस्वरम् हाती घेतले. नागस्वरम् म्हणजे आपल्या सनईच्या जातीचे, पण तिच्याहून खूप लांब वाद्य. जोडीला तविल हा दोन तोंडांचा ढोल. देवळातील पूजा, पालखी, लग्न, यांपैकी काहीही या वाद्याशिवाय होत नाही.

हे वाजविणारी जात पुढे 'इसै वेळ्ळाळर' म्हणून ओळखली गेली. तिच्या पुरुषांकडे वाद्य आणि नाच शिकविणे, तर अनेक स्त्रिया देवाला वाहिलेल्या देवदासी. आपल्याकडील मुरळी-जोगतिणींची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यापुढचे सांगावयास नको. ही जात अस्पृश्य नव्हती, देवळात तिला मज्जाव नव्हता. तरीही वादकाने अंगात सदरा घालावयाचा नाही, उच्चवर्णीय यजमानासमोर खांद्यावरचा पंचा काढून कमरेला गुंडाळावयाचा, आणि तासन् तास उभ्याने वा चालत वाजवावयाचे. ब्राह्मण गवई त्याच घरी बैठकीवर बसून गात असे. सूर तेच, राग तेच, ताल तेच! पंचाचा हा प्रश्न पेरियार रामस्वामी यांच्या 1925 मध्ये सुरू झालेल्या स्वाभिमान चळवळीनेही हाती घेतला होता.

राजरत्नम् यांनी भाषणे केली नाहीत. त्यांनी शेंडी काढून केस कापले, रेशमी सदरा आणि कोट चढविला, पायांत बूट घातले. गवयासाठी जसा मंच असतो तसाच मंच आपल्यासाठी हवा, त्यावर बसूनच वाजवीन, असा त्यांचा आग्रह असे. बिदागीही मोठ्या गवयाच्या तोडीची मागत. लोक गर्विष्ठ म्हणत, आणि ते गर्विष्ठ होतेही. परंतु वाकण्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय मोडावयाची तर ताठपणा थोडा जास्तच होणार, असे मला वाटते.

हा आग्रह निभावला तो वादनामुळे. त्यांचा तोडी राग दक्षिणेत दंतकथा होऊन बसला आहे. (दाक्षिणात्य तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे असतात, हे ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावे.) एकच राग ते तासन् तास फुलवीत. नीडामंगलम् मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्यासारखा थोर तविलवादक त्यांना साथीला असे. वाद्याकडेही त्यांनी कारागिराच्या नजरेने पाहिले. जुने 'तिमिरी' नागस्वरम् आखूड आणि चढ्या सुराचे. उघड्या रस्त्यावर दूरवर ऐकू जावे म्हणून तसे. त्यावर शुद्ध मध्यम नीट लागत नसे. जवळच्याच नरसिंगम्पेट्टै गावचे कारागीर रंगनाथन् आचारी यांच्याकडून त्यांनी लांब, खालच्या सुराचे 'पारी' नागस्वरम् घडवून घेतले, ज्यावर तो मध्यम बरोबर निघे. रस्त्यावरचे वाद्य अशा रीतीने सभागृहातले झाले. 1940 मध्ये 'काळमेगम्' या चित्रपटात त्यांनी कवी काळमेगम् यांची भूमिका केली. ऑगस्ट 1947 मध्ये तिरुवावडुतुरै मठाची मंडळी सत्तांतराच्या प्रसंगी दिल्लीस गेली, तेव्हा नागस्वरम् त्यांचेच होते.

दोषही सांगितले पाहिजेत. मद्याचे व्यसन होते, पैसा पाण्यासारखा जाई, संसार धड नव्हता. पंचशीलातील पाचवे शील मोडल्याने काय होते ते आपल्या वस्त्यांतून वेगळे शिकवावे लागत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. ज्या पराई ढोलावरून परैयर या अस्पृश्य जातीचे नाव पडले असे मानतात, तो वाजविणारे त्याच गावांत वेशीबाहेर राहत. त्या प्रांतात मोठ्या देवळांची दारे अस्पृश्यांसाठी उघडू लागली ती 1939 नंतर. नागस्वरम् मंचावर चढले म्हणून पराई चढली नाही.

याच जातीतला, 1924 साली तिरुक्कुवळै येथे जन्मलेला एक मुलगा नागस्वरम् शिकावयास बसविला होता. शिकताना जो अपमान दिसला, त्याने तो वाद्य टाकून निघून गेला. तेच पुढे पाच वेळा मुख्यमंत्री झालेले करुणानिधी. एकाने वाद्य ठेवून बसण्याची जागा बदलली, दुसऱ्याने वाद्यच खाली ठेवले. माझ्या विद्यार्थ्याने यांतले काय करावे हे मी त्याला सांगणार नाही; दोन्ही गोष्टी मात्र सांगेन.

12 डिसेंबर 1956 रोजी राजरत्नम् गेले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा सहाच दिवस झाले होते. आपल्या घरांतून त्या आठवड्यात दुसरी कोणतीही बातमी शिरली नसेल. वय अठ्ठावन्न. नरसिंगम्पेट्टैच्या नागस्वरमाला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज तेथे कारागीर जे वाद्य घडवितात आणि वादक जे वाजवितात, ते प्रामुख्याने लांब पारीच.