स्त्रीची बुद्धी : अगाथा टीगल-हॅन्सन यांची जीवनकथा

बधिर माणसाकडे आपण बहुधा दयेने पाहतो. त्याला ऐकू येत नाही, एवढेच आपल्या लक्षात येते. परंतु जिथे बधिर माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र शिकली, जिथे त्यांनी खुणांची भाषा जोपासली, तिथे त्यांचा एक समाज उभा राहिला. आणि समाज म्हटला की त्याचे रीतिरिवाज आले, मानपान आले. पुरुषाची जागा कोणती आणि बाईची कोणती, याचे अलिखित नियमही आले. अमेरिकेतील अशा समाजात वाढलेल्या अगाथा टीगल-हॅन्सन या विदुषीचे चरित्र म्हणूनच मननीय आहे. ऐकणाऱ्या जगाने बंद केलेली दारे तर त्यांना ठोठवावी लागलीच. पण आपल्याच माणसांनी आतून कडी घातलेल्या दारापुढेही त्यांना उभे राहावे लागले.

अगाथाचा जन्म १४ सप्टेंबर १८७३ रोजी पेनसिल्व्हानिया राज्यातील पिट्सबर्ग शहरी झाला. सातव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण ऐकण्याची शक्ती गेली आणि एका डोळ्याची दृष्टीही गेली. काही वर्षे ती साध्या शाळेत गेली व तेराव्या वर्षाच्या सुमारास बधिरांच्या शाळेत दाखल झाली. त्याच सुमारास, १८८६ साली, याच राज्यातील फिलाडेल्फिया शहरात आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. शिकू पाहणाऱ्या स्त्रीकडे भुवया उंचावून पाहण्याची रीत दोन्ही देशांत सारखीच होती.

त्या काळच्या अमेरिकेतील बधिरांच्या शाळांत मुलांना छपाई, सुतारकाम, चांभारकाम असे धंदे शिकवीत. मुलींच्या वाट्याला शिवण, धुणे, इस्त्री आणि घरकाम. वरवर पाहता ही साधी सोय वाटते. पण तिचा परिणाम फार दूरवर गेला. शाळाशाळांतून बधिरांची छोटी छोटी वृत्तपत्रे निघत आणि त्यांच्याभोवती या समाजाचे सार्वजनिक जीवन फिरे. खिळे जुळवणारा मुलगा पुढे संपादक होई, संपादक सभेत पुढारी होई. सुईदोरा हाती आलेल्या मुलीला ही शिडीच नव्हती.

उच्च शिक्षणाची कथाही अशीच. बधिरांना पदवी देणारे महाविद्यालय वॉशिंग्टन येथे १८६४ साली निघाले. त्याच्या सनदेवर अध्यक्ष लिंकन यांची सही आहे. महाविद्यालयाचे प्रमुख एडवर्ड माइनर गॅलॉडेट हे स्वतः ऐकणारे, पण त्यांची आई सोफिया बधिर होती. मुलाने वॉशिंग्टनमधील बधिरांची शाळा हाती घेतली तेव्हा तिची गृहव्यवस्था याच माउलीने सांभाळली. असे असूनही मुलींना या महाविद्यालयात रीतसर प्रवेश मिळायला १८८७ साल उजाडावे लागले. अँजेलिन फुलर फिशर यांच्यासारख्या बधिर लेखिकांनी मुलींच्या उच्च शिक्षणासाठी त्याआधी पुष्कळ लेखणी झिजविली होती. अखेर दोन वर्षांचा एक प्रयोग म्हणून सहा मुली घेतल्या गेल्या. त्यांच्या राहण्याची सोय गॅलॉडेट यांच्या घरातच करण्यात आली.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, पंधरा वर्षांची अगाथा तिथे आली. प्रयोग या शब्दाचा जाच तिला रोज जाणवत असला पाहिजे. मुलींना सोबतीला कोणी वडीलधारे असल्याशिवाय आवाराबाहेर जाता येत नसे. मुलांचे वाङ्मय मंडळ होते. तिथे वादविवाद चालत, कविता सादर होत. त्याचे सभासदत्व मुलींना नव्हते. आता हे विद्यार्थी कोण होते? बाहेरच्या जगाने ज्यांना मुके आणि अर्धवट समजून दूर लोटले, तेच. आपल्याला बुद्धी आहे, हे सिद्ध करण्यासाठी ते रात्रंदिवस झटत होते. पण शेजारच्या बाकावरील मुलीलाही बुद्धी असेल आणि तिलाही वाद घालावासा वाटेल, हे त्यांना सहज सुचले नाही.

अगाथाने त्यांच्या दारापाशी ताटकळत बसण्याऐवजी स्वतःचे घर बांधले. १८९२ च्या जानेवारीत तिने मैत्रिणींना जमवून मुलींचे एक मंडळ स्थापन केले आणि ती त्याची पहिली अध्यक्षा झाली. मंडळाचे नाव चार इंग्रजी अक्षरांचे होते व त्या अक्षरांचा अर्थ सभासदांपुरताच गुप्त ठेवलेला होता. जुळवून वाचले की शब्द होई घुबडे. आपल्याकडे घुबड अशुभ, पण ग्रीकांच्या अथीना देवीचा हा पक्षी पाश्चात्त्य देशांत शहाणपणाचे प्रतीक मानला जातो. या मंडळात मुली वादविवाद करीत, पुस्तकांची चर्चा करीत, काव्य सादर करीत. कोणी हसेल ही भीती तिथे नव्हती.

१८९३ साली अगाथा आपल्या वर्गात पहिली आली. या महाविद्यालयाची बी. ए. पदवी मिळविणारी ती पहिली स्त्री. पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा मान तिला मिळाला, आणि एकोणीस वर्षांच्या या मुलीने विषय निवडला स्त्रीची बुद्धी! स्त्रीची बुद्धी निसर्गतःच कमी, हा समज तिने एकेक मुद्दा घेऊन खोडून काढला. स्त्रीला शतकानुशतके बंधनात ठेवायचे आणि मग ती दुबळी आहे असे सांगून तेच बंधन पुढे चालवायचे, हा कुठला न्याय, असा तिचा रोख होता. गुलामगिरी उठवू नये म्हणून जो युक्तिवाद एकेकाळी करीत, तोच हा, असेही तिने दाखवून दिले. अकरा वर्षे आधी, १८८२ साली, आपल्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुष तुलना या पुस्तकात असाच झणझणीत जाब विचारला होता. दोघींना एकमेकींचे नाव ठाऊक असण्याचा संभव नाही. पण जिथे काटा एकच, तिथे वेदनाही एकच असते.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. अमेरिकन खुणांच्या भाषेत पुरुषवाचक खुणा कपाळाजवळ आणि स्त्रीवाचक खुणा हनुवटीजवळ करतात. पुरुषांच्या टोपीची कड आणि बायकांच्या टोपीची गळ्याशी बांधायची नाडी यांवरून त्या आल्या, असे सांगतात. विचार करण्याची आणि जाणण्याची खूणही कपाळापाशीच होते. भाषेत हे योगायोगाने आले असेल. पण समाजाने मात्र त्याचा अर्थ जणू शब्दशः घेतला होता.

पदवीनंतर अगाथाबाई मिनेसोटा राज्यातील फॅरिबो येथील बधिरांच्या शाळेत शिक्षिका झाल्या. काळ मोठा कठीण होता. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या परिषदेने खुणांची भाषा बाजूला सारून बोलण्यानेच शिकवावे असा ठराव केला होता. त्या परिषदेच्या १६४ प्रतिनिधींत बधिर केवळ एक! या लाटेत बोलणे शिकवायला ऐकणाऱ्या तरुण स्त्रियांची भरती झाली. पुरुषांपेक्षा त्यांना पगार कमी द्यावा लागे, आणि बाईच्या अंगी आईची चिकाटी असते अशी वर मखलाशीही करता येई. म्हणजे एका स्त्रीला स्वस्तात नोकरी मिळाली आणि तिच्यामुळे दुसऱ्या, बधिर शिक्षिकेची जागा डळमळीत झाली. दोष त्या दोघींपैकी एकीचाही नव्हता.

१८९९ साली अगाथाबाईंनी ओलोफ हॅन्सन यांच्याशी विवाह केला. ते मूळचे स्वीडनचे, स्वतः बधिर आणि व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ. बधिरांनी बधिरांशी लग्ने करू नयेत, अशाने बधिरांची वेगळी जातच निर्माण होईल, असा इशारा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८३ मध्ये दिला होता. त्याला बुद्धिमान बधिर जोडप्यांनी आपल्या सुखी संसारांनी उत्तर दिले. हॅन्सन दांपत्य १९०२ साली सिअ‍ॅटल शहरी स्थायिक झाले. त्यांना तीन मुली झाल्या. संसार सांभाळून अगाथाबाई कविता लिहीत राहिल्या.

ओलोफ हे बधिरांचे मोठे पुढारी होते. सरकारी नोकरीच्या परीक्षांना बधिरांना बसू देत नसत, त्याविरुद्ध त्यांनी थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत दाद मागितली आणि १९०८ च्या अखेरीस ती बंदी उठली. १९१० साली ते बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याने स्त्रियांना मताचा हक्क दिला. १९२० मध्ये तो साऱ्या देशातील स्त्रियांसाठी घटनेत लिहिला गेला. मात्र १८८० साली स्थापन झालेल्या बधिरांच्या या संघटनेत स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला १९६४ साली. देशाचा अध्यक्ष निवडणारी बधिर स्त्री आपल्याच संघटनेचा अध्यक्ष निवडू शकत नव्हती.

ओलोफ १९३३ साली वारले. अगाथाबाईंनी १७ ऑक्टोबर १९५९ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, या जगाचा निरोप घेतला. तो हक्क पाहण्याचे भाग्य पाच वर्षांनी हुकले. पण त्यांनी लावलेले रोप वाळले नव्हते. मुलींचे ते मंडळ १९५४ मध्ये नवे ग्रीक नाव घेऊन पुढे चालू राहिले. राष्ट्रीय संघटनेला १९८० साली गर्ट्रूड गॅलोवे या पहिल्या स्त्री अध्यक्षा मिळाल्या. आणि ज्या महाविद्यालयात मुली प्रयोग म्हणून आल्या होत्या, त्याचे पुढे गॅलॉडेट विद्यापीठ झाले. २०१६ साली त्याच्या अध्यक्षपदी रोबर्टा कॉर्डानो ही बधिर स्त्री आली.

या चरित्रातून घ्यायचा बोध सोपा आहे, पण पचवायला अवघड. ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्यावर अन्याय करणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. जातीसाठी, भाषेसाठी, गावासाठी झगडणाऱ्या आपल्या मंडळांतही सतरंज्या कोण अंथरते, चहा कोण करते आणि ठराव कोण मांडते, हे एकदा मोजून पाहावे. अगाथाबाईंनी आपल्या समाजाचा कधी त्याग केला नाही. त्याच्याच शाळेत शिकवले, त्याच्याच पुढाऱ्याशी संसार केला. पण त्याच्यावर प्रेम करता करता त्याची चूक त्याच्याच व्यासपीठावरून, एकोणिसाव्या वर्षी, त्याला सांगितली. आपल्यापैकी बहुतेकांचे वयही तेवढेच आहे.