मार्गारेट ऑलिफंट

स्कॉटलंडांतील वॉलिफर्ड गांवीं १८२८ सालीं मार्गारेटबाईंचा जन्म झाला. एकविसाव्या वर्षींच त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १८५२ त त्यांनीं रंगीत कांचेच्या खिडक्या घडविणाऱ्या फ्रँक ऑलिफंट या नात्यांतील कलावंताशीं विवाह केला. परंतु १८५९ त रोम येथें क्षयानें त्यांचें निधन झालें. पदरीं दोन मुलें, तिसरें पोटांत, आणि शिरावर सुमारें १००० पौंडांचें कर्ज !

पुढें एडिंबरो येथें ब्लॅकवुड या प्रकाशकांनीं त्यांचें लिखाण घेण्याचें नाकारलें. बाई घरीं आल्या, मुलांना निजविलें, आणि जवळजवळ रात्रभर जागून त्यांनीं एक गोष्ट लिहिली. १८६१ त ती छापली गेली व तिच्यापासूनच 'कार्लिंगफर्ड'ची प्रसिद्ध कथामाला सुरू झाली.

भावाचें दिवाळें निघालें, तेव्हां त्याचीं मुलेंहि बाईंनींच वाढविलीं. आपल्या मुलांना ईटनच्या शाळेंत शिकतां यावें म्हणून विंडसरला बिऱ्हाड केलें. खर्चासाठीं लेखणी थांबली नाहीं. कादंबऱ्याच ९० हून अधिक झाल्या. सावकाश लिहितां आलें असतें तर आपण जॉर्ज इलियटच्या तोडीचें लिहिलें असतें काय, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनास लागून राहिला.

मुलगी १८६४ त, मुलगे १८९० व १८९४ त वारले. तरीहि बाई लिहीतच राहिल्या व १८९७ त विंबल्डन येथें निवर्तल्या.

विद्यार्थी मित्रहो, त्यांची कीर्ति कदाचित् उणी ठरेल. कर्तव्य उणें ठरणार नाहीं.