गोनीदा : किल्ल्यांवर भेटलेली माणसं

गोपाळ नीलकंठ दांडेकर म्हणजेच गोनीदा. जन्म ८ जुलै १९१६, आपल्याच विदर्भातल्या परतवाड्याचा. तेराव्या वर्षी, सातवीत असताना, स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी घर सोडलं. शाळा सुटली ती सुटलीच. पुढे संत गाडगे महाराजांचा सहवास लाभला, नर्मदा परिक्रमा पायी झाली. नंतर तळेगाव दाभाडे येथे ते स्थिरावले आणि सह्याद्रीचे किल्ले हाकेच्या अंतरावर आले.

गोनीदा गड नुसता बघून परत येत नसत. तिथे राहत, तिथल्या माणसांत मिसळत. म्हणूनच राजमाचीवरून 'माचीवरला बुधा' आला, तुंगच्या परिसरातून 'पवनाकाठचा धोंडी' आणि ठाकरांच्या जगण्यातून 'जैत रे जैत'. 'स्मरणगाथा'ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सातवीत शाळा सुटलेल्या मुलाची ही कमाई! १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आपल्या सहली बघा. गाडीतून उतरायचं, फोटो काढायचे, पुन्हा गाडीत. केशोरीच्या मुलांना फार लांब न्यायची गरज नाही. आपल्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे, नवेगावबांध आहे. दिवाळीनंतर मंडई भरते, झाडीपट्टीची नाटकं रंगतात. सहल आठवड्याची असो वा एका दिवसाची, एक ठिकाण कमी करा. तो वेळ मुलांना पायथ्याच्या गावातल्या एखाद्या आजोबांजवळ बसू द्या. ऐकलेलं मुलं घरी येऊन आपल्या शब्दांत लिहितील, तोच सहलीचा खरा धडा.