मांजराला पाजलेलं औषध

‘टॉम सॉयर’ वाचलंय? नसेल, तर निदान मांजराचा प्रसंग तरी वाचाच. टॉमची पॉलीमावशी आरोग्याची मासिकं मागवते आणि त्यात दिसेल ते नवं औषध टॉमवर वापरून बघते. असंच एकदा दुखणं पळवणारं एक औषध घरात येतं. म्हणजे बाटलीत भरलेला जाळच! टॉम त्यातलं चमचाभर मांजराला पाजतो. मांजर घरभर कोलांट्या मारतं आणि फुलांच्या कुंड्यांसकट खिडकीबाहेर जातं.

हे पुस्तक १८७६चं. मार्क ट्वेनला लहानपणी त्याच्या आईनं तसलं औषध खरोखर पाजलं होतं. तेव्हा अमेरिकेत पेटंट औषधांचा सुळसुळाट होता. लेबलवर जगातले सगळे रोग आणि आत बऱ्याचदा दारू नाहीतर अफू.

पण ट्वेन फक्त विकणाऱ्यावर हसत नाही, गंमत तिथेच आहे. ‘हकलबरी फिन’मध्ये दोन ठग एका गावात नाटक लावतात. जाहिरातीत तळाशी मोठ्या अक्षरांत लिहितात, की बायका-मुलांना प्रवेश नाही. झालं, हाउसफुल्ल! नाटक मिनिटभरात संपतं. चिडलेले प्रेक्षक ठगांना बडवायला उठतात, तेवढ्यात त्यांच्यातलाच एक जण त्यांना थांबवतो. आपण फसलो हे कळलं तर गाव हसेल, त्यापेक्षा नाटकाची तारीफ करू आणि उरलेल्यांनाही फसू देऊ! दुसऱ्या दिवशी पुन्हा हाउसफुल्ल. तिसऱ्या रात्री सगळे सडकी अंडी घेऊन येतात, पण तिकिटांचे पैसे गोळा करून ठग पसार झालेले असतात. ऑनलाइन मागवलेली फालतू वस्तू तुम्हीही कधी मित्राला भारी आहे म्हणून सांगितली असेल. आठवा जरा.

आणि इतकं सगळं कळणारा हा माणूस स्वतः किती शहाणा होता? वडील गेल्यावर तो पोरवयातच छापखान्यात लागला होता, खिळे जुळवायचं किचकट काम त्याच्या हातातलं होतं. म्हणूनच पेज नावाच्या माणसानं खिळे जुळवणारं यंत्र दाखवलं तेव्हा तो पुरता भाळला. यंत्राचे भाग अठरा हजारांच्या घरात. आज चालेल, उद्या चालेल म्हणत त्यानं वर्षानुवर्षं पैसे ओतले. यंत्र सारखं बिघडायचं, आणि लायनोटाइप बाजार घेऊन गेलं. त्यात त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली. १८९४मध्ये दिवाळं! मग साठीच्या उंबरठ्यावर जगभर व्याख्यानं देत तो फिरला. जानेवारी १८९६मध्ये आपल्या मुंबईतही आला. कायद्यानं सक्ती नसताना त्यानं पै न् पै फेडली.

त्यातून शिकला म्हणावं, तर नंतर दुधाच्या पावडरीच्या कंपनीतही पैसे घातलेच. तेही बुडाले.

१९०५मध्ये एका औषधविक्रेत्याची जाहिरात त्याच्या हाती पडली. घटसर्प, मेंदूज्वर, सगळं बरं करणारं अमृत! ट्वेनचा दीड वर्षाचा मुलगा घटसर्पानं गेला होता. चोवीस वर्षांची सूझी मेंदूज्वरानं गेली, तीही त्या व्याख्यानांच्या दौऱ्यानंतर लगेच, बाप इंग्लंडमध्ये असताना. त्यानं विक्रेत्याला उत्तर लिहिलं. राग थोड्याच वेळात निवेल हेही त्यात कबूल केलं. पण तोवर त्याची एकच इच्छा होती: त्या माणसानं चुकून आपल्याच बाटलीतला एक डोस घ्यावा.