बाबासाहेब मतदारांतून निवडून आले ते एकदाच! चाळीसगावच्या टांग्यापासून राज्यसभेपर्यंत

जयंतीच्या व्याख्यानांत बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी हमखास वाचली जाते. कोणत्या विद्यापीठातून कोणती पदवी, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. पण बाबासाहेब कोणत्या सभागृहात, कोणाच्या मतांनी, किती वर्षे बसले, हे विचारले तर चांगले कार्यकर्तेही थबकतात. राज्यघटनेच्या शिल्पकाराला मतदारांनी थेट मतदान करून सभागृहात पाठवले ते आयुष्यात एकदाच, १९३७ साली. बाकी वेळा ते नेमले गेले, आमदारांच्या मतांनी गेले किंवा पराभूत झाले. प्रत्येक पदाच्या मुदतीत त्यांनी काय केले, हे खानदेशातील तरुणांसमोर मांडावे म्हणून हा लेख. सुरुवात चाळीसगावापासूनच करावी लागते.

सभागृहात जागा, टांग्यात नाही

१९१९ च्या कायद्याने प्रांतांना विधान परिषदा मिळाल्या. त्यांची मुदत तीन वर्षांची होती आणि मतदानाचा हक्क मालमत्ता व कर भरणाऱ्या मोजक्या लोकांनाच होता. अस्पृश्य समाजातून कोणी निवडून येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, म्हणून सरकार प्रतिनिधी नेमत असे. मुंबईच्या गव्हर्नरांनी बाबासाहेब आणि डॉ. पी. जी. सोळंकी यांना असे नेमले. फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई विधान परिषदेत दाखल झाले आणि पुन्हा नेमणूक मिळून जवळपास दहा वर्षे तिथे राहिले.

नेमलेला सदस्य सहसा सरकारच्या बाजूने हात वर करतो, असा तेव्हाचा समज होता. बाबासाहेबांनी पहिल्याच अधिवेशनात अर्थसंकल्पावर टीका केली. मार्च १९२८ मध्ये महार वतनाच्या गुलामीतून समाजाला सोडवण्यासाठी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. ते पुढे मंजूर झाले नाही, पण वतन म्हणजे मान नसून वेठ आहे, ही गोष्ट सरकारी दप्तरात कायमची नोंदली गेली.

याच काळात अस्पृश्य आणि आदिवासी समाजांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्या कामासाठी १९२९ मध्ये ते खानदेशात आले. सवर्णांनी घातलेल्या बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी आटोपून ते धुळ्याहून परत निघाले आणि ऑक्टोबर महिन्यात चाळीसगाव स्टेशनवर उतरले. स्टेशनवर समाजबांधव स्वागताला उभे होते. वस्ती अगदी जवळ असूनही बराच वेळ टांगा येईना. कारण महाराला टांग्यात बसवून नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. पाहुण्यांना पायी न्यावे हे वस्तीतल्या लोकांना पटेना. शेवटी तोडगा निघाला तो असा, की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा मिळणार नाही. मग आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला, काही दिवस त्यांना हालचालही करता आली नाही.

पुढे वेटिंग फॉर अ व्हिसा या आपल्या आठवणींच्या टिपणात त्यांनी हा प्रसंग सविस्तर लिहिला. टांगा हाकणाऱ्या भावाला त्यांनी दोष दिला नाही. साधा टांगेवालाही जातीच्या जोरावर स्वतःला बॅरिस्टरपेक्षा वरचा समजतो, हे त्यांनी नोंदवले. आम्ही यात आणखी एक गोष्ट पाहतो. टांग्यातून पडलेला हा प्रवासी त्या दिवशी प्रांताच्या विधान परिषदेचा सदस्य होता आणि सरकारी चौकशीच्या कामावर आला होता. मुंबईत मिळालेले आसन चाळीसगावच्या स्टेशनबाहेर त्याच्या उपयोगी पडले नाही.

वरचा ठराव, खालची नगरपालिका

महाडच्या लढ्यातही हेच दिसले होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधान परिषदेने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण प्रत्यक्षात पाण्याला हात लावता आला नाही. मार्च १९२७ मध्ये सत्याग्रह झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९२७ मध्ये, त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रांताच्या सभागृहाने दिलेला हक्क गावच्या नगरसेवकांनी काढून घेतला.

म्हणूनच १९३२ मध्ये ग्रामपंचायतींचे विधेयक परिषदेत आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. गावकीच्या हाती सत्ता जाणार असेल, तर तिथे आपल्या माणसांसाठी राखीव जागा असल्याच पाहिजेत, अशी त्यांची मागणी होती. जागा नसलेली ग्रामपंचायत म्हणजे बहिष्काराला सरकारी शिक्का, हे त्यांना खानदेशातल्या चौकशीने चांगलेच शिकवले होते. ही मागणी घटनेत यायला १९९३ उजाडले. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत, तर ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि पाच वर्षांची मुदत घटनेने दिली.

एकमेव थेट विजय

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभा आल्या. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबईच्या भायखळा-परळ भागातून ते निवडून आले. त्यांच्याबरोबर नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आणि आपल्या पूर्व खानदेशातून दौलत गुलाजी जाधव हेही विधानसभेत गेले. आमदार म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधानसभेवर नेला. कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध नोव्हेंबर १९३८ मध्ये संप घडवून आणला. आत विधेयक आणि बाहेर मोर्चा, ही जोडी त्यांनी कधी सोडली नाही.

विधानसभेची मुदत पाच वर्षांची होती. पण १९३९ च्या अखेरीस काँग्रेसचे मंत्रिमंडळ युद्धाच्या प्रश्नावर बाहेर पडले आणि सगळा कारभार गव्हर्नरांच्या हाती गेला. पुढची निवडणूक थेट १९४६ साली झाली. मुदत कागदावर असते, पण सत्ताधाऱ्यांच्या सोयीने लोकप्रतिनिधींशिवाय कारभार चालवता येतो, हे त्या पिढीने पाहिले.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. ही नेमणूक होती. १९४६ च्या निवडणुकांत शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा दारुण पराभव झाला. घटना समितीवर प्रांतांचे आमदार सदस्य निवडून पाठवणार होते आणि मुंबईत बाबासाहेबांना निवडून देण्याइतकी मते नव्हती. तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधल्या दलित आमदारांनी त्यांना बंगालमधून घटना समितीवर पाठवले. फाळणीमुळे ती जागा गेली. जुलै १९४७ मध्ये बॅ. जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. महिन्याभरात ते देशाचे कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. एका वर्षात एक जागा गेली आणि दुसरी मिळाली. मधल्या काळात त्यांचे काम थांबले नव्हते, म्हणून दुसरी जागा मिळताच ते घटनेच्या मसुद्याला हात घालू शकले.

दोन पराभव आणि चिठ्ठीने ठरलेली मुदत

मंत्रिपदाला ठरावीक मुदत नसते. हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. १९५१-५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने देशाची पहिली निवडणूक झाली. प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत, हा हक्क ज्यांनी घटनेत लिहिला तेच उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांचा पराभव झाला.

दरम्यान मुंबई राज्याच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर निवडून दिले होते. राज्यसभेच्या सदस्याची मुदत सहा वर्षांची. सभागृह कधी विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. ही साखळी सुरू करण्यासाठी पहिल्या सदस्यांना चिठ्ठ्या टाकून दोन, चार आणि सहा वर्षांच्या गटांत विभागले गेले. बाबासाहेबांच्या वाट्याला चार वर्षे आली, एप्रिल १९५२ ते एप्रिल १९५६. या काळात १९५४ साली अस्पृश्यता गुन्हे विधेयकावर बोलताना त्यांनी त्यातल्या त्रुटी दाखवल्या. एप्रिल १९५६ मध्ये ते पुन्हा निवडून आले. ही मुदत १९६२ पर्यंत होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाबासाहेब राज्यसभेचे विद्यमान सदस्य होते. राज्यसभेत राखीव जागा नसल्याने त्यांच्या सदस्यत्वाला धक्का लागला नाही. पण त्यांच्यामागून बौद्ध झालेल्या लाखो लोकांचे काय? १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना तो मिळाला १९९० मध्ये. चौतीस वर्षे बौद्ध म्हणून उभा राहणारा माणूस राखीव जागा लढवू शकत नव्हता. तरीही १९५७ मध्ये दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. राज्यसभेच्या मुदतीतली पाच वर्षांहून अधिक शिल्लक होती.

आजच्या चाळीसगावात

आज चाळीसगाव शहरातला मतदार नगरपरिषदेचा सदस्य आणि नगराध्यक्ष निवडतो, तालुक्यातल्या गावचा मतदार ग्रामपंचायत सदस्य, सरपंच, पंचायत समिती सदस्य आणि जिल्हा परिषद सदस्य निवडतो. या सगळ्यांची मुदत पाच वर्षे. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि पंचायत समितीचे सभापती मात्र सदस्यांतून अडीच वर्षांसाठी निवडले जातात. आमदार आणि जळगाव मतदारसंघाचा खासदार, दोघेही पाच वर्षांसाठी. विधान परिषद आणि राज्यसभेची मुदत सहा वर्षे. स्थानिक संस्थांचे सदस्य विधान परिषदेच्या काही जागांसाठी मतदान करतात आणि आमदार राज्यसभेसाठी. म्हणजे प्रभागात दिलेले मत पुढे वरच्या सभागृहापर्यंत पोहोचते.

हे माहीत असले की गाऱ्हाणे योग्य दारात जाते. बौद्धवस्तीतल्या रस्त्यासाठी आणि समाजमंदिरासाठी गावात जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाची वस्ती विकास योजना आहे. त्यासाठी खासदाराच्या गाडीमागे धावण्याची गरज नाही. उलट अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बदल हवा असेल तर सरपंचाला निवेदन देऊन काही होत नाही.

दोन गोष्टी आम्हाला अस्वस्थ करतात. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी चाळीसगाव विधानसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. ती खुली झाल्यावर आपल्या समाजाचे राजकारण जणू निवृत्त झाले. दादासाहेब राखीव जागेविना जिंकले होते, कारण त्यांच्यामागे इतर समाजांचे भूमिहीन आणि शेतकरीही उभे होते. दुसरी गोष्ट, मुदती संपण्याआधी निवडणूक घ्यावी असे घटना सांगत असतानाही २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक नगरपालिका आणि जिल्हा परिषदा काही वर्षे प्रशासकांनी चालवल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. त्या वर्षांत राखीव प्रभागातला आपला नगरसेवकही सभागृहात नव्हता. यावर आपल्या संघटनांनी किती मोर्चे काढले?

आमचे एवढेच सांगणे आहे. प्रत्येक विहाराच्या भिंतीवर एक तक्ता लावा. आपल्या प्रभागापासून लोकसभेपर्यंत प्रत्येक प्रतिनिधीचे नाव, निवडून आल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि त्याने आपल्या वस्तीला दिलेला शब्द त्यावर लिहा. रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे तो वाचा. सहा महिने आधी उमेदवार ठरवा, मतदार यादीतली नावे तपासा. बाबासाहेबांना नेमणूक मिळाली तेव्हा त्यांनी वतनाचा प्रश्न मांडला, आमदार झाले तेव्हा खोतीचा, हरले तेव्हा राज्यसभेतून अस्पृश्यतेचा. आपल्याला मिळालेल्या पुढच्या पाच वर्षांत आपण काय मांडणार, हे त्या तक्त्यासमोर बसूनच ठरवू या.

जय भीम!