लांज्याच्या मुळाची झाशीची राणी : पाठ आणि प्रश्नमंजुषा

झाशीच्या राणीचं सासरचं आडनाव काय, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हमखास येतो. तुम्ही पटकन 'नेवाळकर' लिहिता. पण हे नेवाळकर मूळचे कुठले? उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. लांजा तालुक्यातील कोट हे त्यांचं मूळ गाव. पेशवाईत हे घराणं खानदेशात पारोळ्याला आणि पुढे झाशीच्या सुभेदारीवर गेलं.

मनकर्णिका, म्हणजे आपली मनू, काशीला जन्मली. १९ नोव्हेंबर १८२८ ही तिची जन्मतारीख सर्वसाधारणपणे मानतात. वडील मोरोपंत तांबे, आई भागीरथीबाई. आई लवकर गेली. वडील ब्रह्मावर्ताला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला होते, त्यामुळे मनू तिथेच वाढली. घोडेस्वारी, तलवार आणि लिहिणं-वाचणं ती तिथेच शिकली.

१८४२ साली झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी लग्न झालं आणि मनूची लक्ष्मीबाई झाली. १८५१ मध्ये मुलगा झाला, पण तो काही महिन्यांतच दगावला. नोव्हेंबर १८५३ मध्ये आजारी गंगाधररावांनी नात्यातला आनंदराव हा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचं नाव दामोदर ठेवलं. दत्तकविधान कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर झालं. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, महाराज वारले.

आता नीट लक्ष द्या, कारण इथेच सगळा पेच आहे. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक मुलगा वारस ठरतो. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणींना वर्षाला साठ हजार रुपये पेन्शन देऊ केलं. त्या लगेच लढायला उठल्या का? नाही. त्यांनी अर्ज केले, जॉन लँग नावाच्या वकिलाचा सल्ला घेतला, लंडनपर्यंत दाद मागितली. कुठेच न्याय मिळाला नाही.

जून १८५७ मध्ये झाशीतल्या शिपायांनी उठाव केला. ते दिल्लीकडे निघून गेल्यावर कारभार राणींच्या हाती आला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. मदतीला आलेल्या तात्या टोपेंचा बेतवा नदीकाठी पराभव झाला. एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रज शहरात घुसले आणि भयंकर कत्तल झाली. राणी रात्रीच्या अंधारात दामोदरला घेऊन काल्पीकडे निसटल्या. काल्पीही पडली. मग त्यांनी ग्वाल्हेर घेतलं. तिथेच, १८ जून १८५८ रोजी, त्या लढताना पडल्या. काही कागदपत्रांत १७ जून अशी तारीख सापडते.

मग ही आठवण आपल्यापर्यंत आणली कोणी? वेढ्याच्या वेळी पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीतच होते. डोळ्यांनी पाहिलेलं सगळं त्यांनी 'माझा प्रवास' मध्ये लिहून ठेवलं. द. ब. पारसनीसांनी १८९४ मध्ये राणीचं चरित्र प्रसिद्ध केलं. १९४३ मध्ये आझाद हिंद सेनेतल्या स्त्रियांच्या पलटणीला राणीचंच नाव मिळालं. ग्वाल्हेरला फुलबागेतल्या समाधीपाशी दरवर्षी जूनमध्ये बलिदान मेळा भरतो. आणि झी टीव्हीवर २००९ साली सुरू झालेली राणीवरची हिंदी मालिका तुमच्या आई-बाबांनी नक्की पाहिली असेल.

पण दामोदरराव? पाठीवर बांधलेला तो मुलगा पुतळ्यात दिसतो आणि आपण त्याला विसरतो. त्यांना झाशी कधीच परत मिळाली नाही. ते इंदूरला राहिले आणि १९०६ मध्ये तिथेच वारले.

प्रश्नमंजुषा (आधी उत्तर लिहा, मग पाठात तपासा)

१. नेवाळकरांचं मूळ गाव कोणत्या तालुक्यात आहे?
२. दत्तकविधानानंतर किती दिवसांनी गंगाधरराव वारले?
३. झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहणारे कोकणातले लेखक कोण?
४. राणींची समाधी कोणत्या शहरात आहे?
५. विचार करा : अर्ज-विनंत्या आधी आणि तलवार नंतर, या क्रमातून राणींचा कोणता गुण दिसतो? पाच ओळी लिहा.

तालुक्याच्या नकाशात कोट गाव शोधा आणि वहीत त्याभोवती गोल करा. १८ जूनच्या परिपाठात हा पाठ वाचायला घेता येईल.