रंगांची गाठ सोडवणारे हॉल्डेन

चाकण, खेड, मावळच्या घाटांत बैलगाडा सुटला की बैलांच्या पुढे घोडी धावते. घोडी विकत घेताना तिची चाल, छाती, पाय जसे पाहतात, तसाच रंगही पाहतात. पण मनासारख्या रंगाचे शिंगरू मिळणे सोपे नसते. काळ्या अबलख घोड्याला साधी तांबडी घोडी दाखवली आणि तांबडे अबलख शिंगरू हवे असले, तर अनेकदा काळे अबलख तरी जन्मते, नाही तर नुसते तांबडे. असे का होते, याचा नियम सस्तन प्राण्यांत पहिल्यांदा दाखवून देणाऱ्यांत जे. बी. एस. हॉल्डेन यांचे नाव घ्यावे लागते.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन श्वसनावर संशोधन करत आणि खाणींतील विषारी वायूंचा अभ्यास करताना मुलालाही सोबत नेत. धाकटी बहीण नाओमी हिला घोड्यांची ॲलर्जी सुरू झाली, तेव्हा तिने घोडेस्वारी सोडून गिनीपिग पाळले. १९०८ च्या सुमारास भावंडांनी त्यांच्यावरच आनुवंशिकतेचे प्रयोग सुरू केले. पुढे उंदीर आले. घोडी अकरा महिन्यांनी एक शिंगरू देते; उंदरीण तीन आठवड्यांत अनेक पिल्ले देते. नियम शोधायचा तर उंदीरच सोयीचे.

मेंडेलच्या मांडणीनुसार दोन वेगळे गुण पुढच्या पिढीत एकमेकांपासून स्वतंत्रपणे जायला हवेत. मात्र गुलाबी डोळे आणि संपूर्ण पांढरा रंग हे उंदरांतील दोन गुण तसे वागत नव्हते. त्यांची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने ती बहुधा एकत्रच पुढे जात. या प्रयोगांत ए. डी. स्प्रंट हा मित्रही होता. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. स्प्रंट लढाईत मारला गेला. आघाडीवर असलेल्या हॉल्डेन यांनी १९१५ मध्ये तिघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध केला.

घोड्यातही हेच घडते. तांबडा रंग ठरवणारे जनुक आणि अबलख ठिपके देणारा एक बदल, दोन्ही तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहेत. घोड्याच्या एका गुणसूत्रावर काळा रंग आणि अबलखपणा एकत्र असतील आणि दुसऱ्यावर तांबडा रंग असेल, तर ही जोडी सहसा फुटत नाही. क्वचित गुणसूत्रांची देवाणघेवाण होते, तेव्हाच तांबडे अबलख शिंगरू मिळते. दोष घोडीचाही नसतो आणि मालकाच्या नशिबाचाही.

हॉल्डेन यांनी १९२७ मध्ये कुरतडणारे आणि मांसाहारी प्राणी घेऊन रंगांच्या जनुकांची तुलना केली. हाच विचार त्यांनी माणसांच्या आजारांकडे नेला. १९३७ मध्ये ज्युलिया बेल यांच्यासह त्यांनी रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा यांची जनुके माणसाच्या एक्स गुणसूत्रावर जवळजवळ असल्याचे दाखवले. घरात कोणता आजार कोणाला होऊ शकतो, याचा अंदाज बांधण्याची वाट यातून मोकळी झाली. थॅलेसेमिया मलेरियाच्या प्रदेशात का टिकून राहतो, याचा विचारही त्यांनी मांडला.

१९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह भारतात आले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले, पुढे भारतीय नागरिकत्व घेतले आणि भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारली. महागड्या उपकरणांशिवायही नीट नोंदी ठेवून विज्ञान करता येते, हे ते विद्यार्थ्यांना सतत सांगत.

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील कर्करोगाने १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरमध्ये त्यांचे निधन झाले. उपचारांच्या काळातही त्यांनी आजारावर विनोदी कविता लिहिली आणि लक्षणे लपवू नका, वेळीच डॉक्टरांकडे जा, असा सल्ला त्यातून दिला. इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

आज घोड्याच्या केसाच्या मुळातून जनुकांची तपासणी होते आणि कोणते रंग संभवतात ते आधीच कळू शकते. तरी शिंगरू पाहायला मालक अकरा महिने थांबतोच.